वळ की डाग

१

शिवणवाल्या काकूंना शेवटची आंघोळ घालताना त्यांच्या लेकीने बाही वर सरकवली आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

मनगटापासून कोपरापर्यंत आईचा हात जांभळा पडला होता. एक डाग नाही, आठ-दहा. काही ताजे, गडद. काही जुने, पिवळट. दुसरा हातही तसाच. लेकीने मागे वळून पाहिलं. दारात तिची वहिनी कोरडं पांघरूण घेऊन उभी होती.

"तू मारत होतीस माझ्या आईला," लेक म्हणाली. ओरडली नाही. हिशेब जुळल्यासारखं बोलली.

वहिनीच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तिचं ते गप्प राहणंच तिला भोवलं. तासाभरात प्रेत शवागारात गेलं, सून चौकीतल्या बाकावर बसली आणि गल्लीतल्या बायकांनी तिच्यावर निकाल देऊन टाकला. काकूंची सून तशी घुमीच होती. घुम्या माणसाबद्दल लोकांना काहीही पटतं.

शवागाराच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं: दोन्ही हातांवर मारहाणीच्या खुणा, हाड मोडलेलं नाही, डोक्याला इजा नाही, मृत्यूचं कारण सांगता येत नाही. फौजदाराने तो कागद दोनदा वाचला. हातावर मारून माणूस मरत नाही, एवढं त्याला कळत होतं. सुनेला आत टाकायला कागद पुरेसा होता, पण त्याच्या मनाला तो पुरत नव्हता. तो गाडी काढून डॉक्टरीणबाईंकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी चाळीस वर्षं लोकांची कातडी वाचली होती. नखं पाहून रक्त सांगायच्या, पापण्या पाहून काळीज. फौजदार लहान असताना त्याची खरूज त्यांनीच बरी केली होती, त्यामुळे तो त्यांच्यासमोर अजूनही हात मागे बांधून उभा राहायचा.

"मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "मला का विचारतोस ते ठाऊक आहे, आणि मी का येणार नाही तेही तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी एका तान्ह्या पोराच्या पाठीवरचा निळा डाग त्यांच्यापुढे आणला होता. बाई दमलेल्या होत्या, रांग लांब होती. त्यांनी लिहिलं, मार. तो जन्मखुणेचा डाग होता. पोराचा बाप सात महिने कोठडीत होता, आणि सुटून आला तेव्हा बायको पोराला घेऊन निघून गेली होती. बाईंनी त्या महिन्यात दवाखाना बंद केला.

"म्हणूनच आलोय," फौजदार म्हणाला. "तुम्ही एकदा चुकला आहात. तुम्ही नीट बघाल."

शवागारात त्या प्रेताजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या. हात नंतर पाहिले. आधी चेहरा: गोल, गरगरीत, गालांवर लाली उरलेली. मग मान वळवून पाठीमागचा मांसाचा उंचवटा. मग पोट, आणि पोटावरचे बोटभर रुंद, वांग्याच्या रंगाचे उभे पट्टे. पाय मात्र काटकुळे. शेवटी हात. बोटाने त्यांनी कातडी हलकेच सरकवली, तर ती पातळ कागदासारखी चुरगळली. जांभळ्या डागांच्या मधेमधे चांदण्यांसारखे लहान पांढरे व्रण होते.

"वळ नाहीत हे," त्या म्हणाल्या. "कुणी दंड धरला की आतल्या बाजूला बोटं उमटतात. इथे दंड स्वच्छ आहेत. पाठ स्वच्छ आहे. माणूस टेबलाला, दाराला, मशिनीला जिथे घासतो, तिथेच डाग आहेत. या कातडीला धक्काही पुरतो. आणि हे पांढरे व्रण सांगतात की असं दोन वर्षं चाललंय."

"म्हणजे हिला कुणी मारलेलं नाही."

"हात उगारून नाही."

फौजदाराने खिशातून शवागाराचा कागद पुन्हा बाहेर काढला.

"हिच्या ग्रंथींचं वजन करून घे," बाईंनी शवागाराच्या डॉक्टरला सांगितलं. "मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या. तू त्या पाहिल्याच नाहीस."

त्याने केलं. दोन्ही मिळून तीन ग्रॅम भरल्या. आठ-दहा भरायला हव्या होत्या. वाळक्या पानासारख्या त्या ताटलीच्या कडेला पडल्या होत्या.

"जीव घेतलाय हिचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि घेणाऱ्याला बहुतेक ठाऊकही नाही."

२

काकूंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मधे शिवणाचं मशीन. मुलगा बस चालवायचा. दोन पाळ्या मारून आल्यासारखा तो भिंतीला टेकून बसला होता.

"मी आईवर आवाज चढवायचो," त्याने न विचारताच सांगितलं. "हात कधी नाही उचलला. हिनेही नाही. पण ताई म्हणते तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. बायकोची बाजू घ्यायची की बहिणीची, हे ठरवायचं त्याने आयुष्यभर पुढे ढकललं होतं. आता वेळ संपली होती तरी तो ढकलतच होता.

फौजदाराने सुनेला चौकीतून घरी आणलं होतं. ती मशिनीच्या स्टुलावर बसली. डॉक्टरीणबाईंनी तिला काही न विचारता कपाट उघडलं आणि काकूंचे ब्लाउज काढून पलंगावर मांडले. प्रत्येकाची पाठ आणि कंबर उसवून दोनदा, तीनदा सैल केलेली. बाह्या मात्र आत घेतलेल्या. एकाच कपड्यात माणूस एका जागी वाढलेला आणि दुसऱ्या जागी आटलेला.

"हे त्यांनी स्वतः केलं?"

"हो. म्हणायच्या, माझा साचाच बिघडला, नवा कागद कापावा लागेल." सून पहिल्यांदाच बोलली. "हसायच्या त्यावर. पोट फुगलं, हातपाय वाळले, तोंड चेंडूसारखं झालं. लोक म्हणायचे, काकू सुखात आहेत, तब्येत भरली."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. गुडघ्यांची पुडी सुरू केली तेव्हापासून. ताईंनी आणून दिली. त्यांच्या घरचंच दुकान आहे, मुळ्यापाल्याच्या औषधांचं. आठवड्यात आई जिना चढायला लागल्या होत्या."

"आणि शेवटी?"

"शेवटचे दहा-बारा दिवस गुडघे परत धरले. रडायच्या दुखण्याने. मग उलट्या. उठल्या की डोळ्यांपुढे अंधारी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी उलटीच्या गोळ्या दिल्या. परवा अंगात थोडा ताप होता, दुपारी झोपल्या, त्या..."

तिने मशिनीचं चाक हाताने थांबवलं. ते फिरत नव्हतंच.

"ती पुडी दाखव."

सुनेने फळीवरून निळ्या झाकणाची बरणी काढून दिली. अर्धी भरलेली होती. डॉक्टरीणबाईंनी चिमूट जिभेवर ठेवली. फौजदाराने त्यांना अडवायला हात पुढे केला, तोवर उशीर झाला होता.

तोंडाला झोंबलं. बस, एवढंच. बाईंनी पुन्हा एक चिमूट घेतली, जीभ टाळ्याला लावून वाट पाहिली.

"सुंठ आहे," त्या म्हणाल्या. "नुसती सुंठ. यात औषध नाही, विष नाही, काहीच नाही."

फौजदाराचा चेहरा पडला. "म्हणजे आपला सगळा डोलारा कोसळला."

बरणीचं झाकण डॉक्टरीणबाईंनी हळूहळू फिरवत लावलं.

३

दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्यावर होतं. काचेच्या बरण्या, वजनकाटा, आणि गल्ल्यावर काकूंचा जावई. गिऱ्हाइकाला दादा-काका म्हणता म्हणता तो पुड्या बांधत होता. त्याचे हात भराभर चालायचे आणि डोळे दारावर असायचे.

"शुद्ध मुळ्या आहेत," त्याने सांगितलं. "गुण आला नाही असा माणूस दाखवा. सासूबाई तर माझी चालती-बोलती जाहिरात होत्या."

आतल्या खोलीतून लेक बाहेर आली. रडून डोळे सुजले होते, पण डॉक्टरीणबाई डोळ्यांकडे बघत नव्हत्या.

"तुम्ही तिला सोडवायला आलात," लेक म्हणाली. "माझ्या आईचे हात मी पाहिलेत. मी आंघोळ घातलीय तिला."

"मीही पाहिलेत. तुझी बाही वर कर बघू."

"काय संबंध?"

"कर तर."

लेकीने रागाने बाही ओढली. बांगड्यांच्या वरच्या बाजूला, बरोबर आईच्या होते तिथेच, तीन जांभळे डाग होते.

"तुला कोण मारतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते पुडी न घेताच निघून गेलं.

"मला कुणी मारत नाही. कुठेतरी लागलं असेल." लेकीने हात स्वतःच निरखून पाहिला, जणू दुसऱ्याचा आहे. "मला हल्ली लगेच उठतात."

"चेहरा केव्हा भरला तुझा? हनुवटीवर ही बारीक लव कधी आली? पोटावर पट्टे आहेत? बाळंतपणाचे नाहीत, जांभळे."

लेक नवऱ्याकडे बघायला लागली. जावई काटा पुसत होता. काटा स्वच्छ होता.

"कंबरेसाठी घेते मी," ती म्हणाली. "आईची तीच पुडी. वर्ष झालं."

"दे एक."

तिने पर्समधून पुडी काढली. डॉक्टरीणबाईंनी चिमूट तोंडात टाकली, आणि त्यांचं तोंड इतकं कडवट झालं की त्यांनी रुमालात थुंकलं.

"हो, कडू आहे," लेक म्हणाली. "आई म्हणायची, कडू जहर आहे पण गुण येतो."

"हे मुळ्यांचं कडूपण नाही. गोळ्या कुटल्या आहेत यात. सूज आणि दुखणं एका रात्रीत उतरवणाऱ्या. चिठ्ठीवर मिळतात त्या, मोजून द्यायच्या आणि मोजून थांबवायच्या." त्या जावयाकडे वळल्या. "तू बायकोलाही देत होतास?"

"तिनेच मागितली," जावई म्हणाला. "आणि दुखणं थांबलं की नाही? विचारा तिला. डॉक्टर लोकांनी थांबवलं नाही, मी थांबवलं."

तो खोटं बोलत नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं.

फौजदार पुढे सरकला. "म्हणजे यानेच पुरावा लपवायला बरणीत सुंठ भरली."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तू जरा बाहेर चल."

४

रस्त्याच्या कडेला, गाडीच्या बॉनेटला टेकून, त्यांनी फौजदाराला समजावलं.

"आपलं शरीर रोज एक द्रव्य थोडं थोडं तयार करतं. त्याच्याशिवाय माणूस उभा राहत नाही. तेच बाहेरून रोज मिळायला लागलं, की शरीर आपला कारखाना बंद करतं. त्या वाळलेल्या ग्रंथी पाहिल्यास ना, तो बंद पडलेला कारखाना. मग एके दिवशी बाहेरचा पुरवठा तुटला तर? आतला कारखाना सुरू व्हायला महिने लागतात. तोवर माणूस रिकामा. उलट्या, अंधारी, आणि साधा ताप आला तरी खलास."

"म्हणजे पुडीने मेल्या नाहीत."

"पुडी थांबली म्हणून मेल्या. आता विचार कर. पुरावा लपवणारा माणूस बरणी कधी बदलेल? मेल्यावर. पण गुडघे मरणाआधी दहा-बारा दिवस परत दुखायला लागले होते. म्हणजे बरणी त्याच्याही आधी बदलली. जावई कशाला बदलेल? त्याची चालती-बोलती जाहिरात होती ती. लेकीला पुडीवर देवाइतका भरवसा, ती स्वतः खातेय. मुलगा घरात नसतो, बरणी कुठल्या फळीवर आहे हेही त्याला सांगता येणार नाही."

फौजदाराने हिशेब केला आणि त्याचा चेहरा उतरला. "तीच उरते."

"मला एकटीला बोलू दे तिच्याशी."

सून मशिनीपाशीच होती. डॉक्टरीणबाई समोर पलंगावर बसल्या. "बरणीतली पुडी तू बदललीस."

सुनेने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, सुटका होती. इतके दिवस कुणाला तरी सांगायचं राहिलं होतं तिला.

"तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "त्यांना आंघोळ मी घालायचे ना. आधी गुडघे बरे झाले म्हणून बरं वाटलं. मग मानेवर ते वाढलं, पोटावर पट्टे आले, टाचणी लागली तरी महिना महिना जखम भरेना. मी मनात जुळवलं, सगळं पुडीनंतरचं आहे. यांना सांगितलं, तर म्हणाले, ताईचं मन दुखवू नकोस. ताईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तुला आईचं बरं झालेलं बघवत नाही. म्हणून गुपचूप बदलली. सुंठीने काही होत नाही. आणि तोंड थोडं उतरलंही होतं शेवटी, तुम्ही पाहिलंत ना?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं, इथेच उठावं. बरणी पिशवीत टाकावी, फौजदाराला सांगावं की कळायला मार्ग नाही. मेलेली बाई काही बोलणार नव्हती, आणि या पोरीला उरलेलं आयुष्य जगायचं होतं. एकदा चुकीचं लिहून एक घर मोडलं होतं. आता खरं लिहून दुसरं मोडायचं.

पण बाजारात एक माणूस पुड्या बांधत बसला होता, आणि पुडी म्हणजे काय हे कुणाला तरी पूर्ण सांगणं भाग होतं.

"तू बरोबर वाचलंस," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरपेक्षा, शवागारातल्या त्या डॉक्टरपेक्षाही बरोबर. पण अर्धंच."

आणि त्यांनी उरलेलं अर्धं सांगितलं.

सुनेने मधे एकदाच विचारलं, "हळूहळू कमी केली असती तर?"

"तर जगल्या असत्या. बहुतेक."

सुनेने उठून पलंगावरचे ब्लाउज एकेक करून घडी घालायला घेतले. घड्या बसत नव्हत्या, कारण कुठलाही कपडा धड राहिला नव्हता.

बाहेर फौजदार खुशीत होता. "दुकानाला सील ठोकायला माणसं पाठवली," तो म्हणाला. "आत्तापर्यंत सगळा माल जप्त झाला असेल."

डॉक्टरीणबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"किती गिऱ्हाइकं आहेत त्याची?" त्यांनी विचारलं.

५

गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली तेव्हा दाराला लाख लागली होती. जावई चौकीत पोचला होता. गिऱ्हाइकांची नावं त्याच्याकडे नव्हती. तो सगळ्यांना दादा-काकाच म्हणायचा.

मागच्या दाराने आत गेल्यावर आतल्या खोलीत लेक सापडली. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या पुड्या तिने मोरीत फोडल्या होत्या आणि वरून पाणी सोडलं होतं.

"आयुष्यात हात लावणार नाही," ती म्हणाली.

"लावायचा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज, उद्या, आणि पुढचं वर्षभर. मी गोळ्या देईन. मोजून खायच्या, मी सांगेन तशा उतरवायच्या. तू आज थांबलीस तर महिन्याच्या आत आईच्या शेजारी असशील."

लेक मोरीच्या काठावर बसली. "मग आईला..." तिने हळूहळू जुळवलं. तीही शिवणवाल्या काकूंचीच मुलगी होती, तुकडे जोडायला वेळ लागला नाही. "आईची कुणी थांबवली?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली. पण अहवालात त्यांनी सगळं लिहिलं: पुडी, गोळ्या, ग्रंथींचं वजन, बरणीतली सुंठ, आणि ती कुणी व का भरली. 'हेतू मृताच्या भल्याचा होता' हे वाक्य त्यांनी वेगळ्या ओळीत घातलं. ते कुणी वाचलं नाही.

जावई चौथ्या दिवशी जामिनावर सुटला. सुनेवर गुन्हा लागला नाही. चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीला कलम नसतं, फौजदार म्हणाला. घरात मात्र कलमांवाचून शिक्षा झाली. नवऱ्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं आणि जेवताना ताटावर मान घालून बसायला लागला.

लेक गोळ्यांवर जगली. तिचा चेहरा उतरू लागला, हातांचे डाग गेले. दर पंधरा दिवसांनी ती तपासायला यायची आणि दर वेळी निघताना एकच वाक्य बोलायची.

"मारलं असतं तर बरं होतं, डॉक्टर. मारलेलं माणूस वाचतं."

वहिनीचं नाव ती घ्यायची नाही. आपल्या हाताने आईला पुडी आणून दिली, हेही ती कधी बोलली नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला ते बोलायला लावलं नाही.

६

दुकान सील झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सून त्या बंद दारापुढे जाऊन उभी राहायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी घरातलं आवरून यायची ती अंधार पडायच्या आधी जायची. पुडीसाठी कुणी आलं, की थांबवायची, चेहरा न्याहाळायची आणि म्हणायची, "एकदम सोडू नका. आधी डॉक्टरीणबाईंकडे जा. आजच जा."

डॉक्टरीणबाईंनी सहा वर्षांनी दवाखान्याचं दार उघडलं. माणसं यायची ती चिडून यायची. गोल गरगरीत चेहऱ्याची, वाळक्या हातापायांची माणसं बाकावर ओळीने बसायची आणि त्यांना तोंडावर सुनावायची. चांगलं चाललं होतं, तुम्ही बंद पाडलंत. मोठ्या डॉक्टरांना गरिबाचं औषध खुपतं. एका म्हातारीने तर गोळ्यांची चिठ्ठी टराटरा फाडून त्यांच्याच टेबलावर ठेवली.

बंद दारापाशी सुनेला यापेक्षा जास्त ऐकावं लागायचं. सासूला खाल्लीस, आता आमच्या मागे लागलीस, असं लोक म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच सांगायची.

अकराव्या दिवशी एक माणूस रिकामी पुडी हातात घेऊन आला. वडिलांसाठी हवी, म्हणाला. आठवडा झाला संपून, दोन दिवस उलट्या होतायत, आज सकाळपासून हाकेला ओ देत नाहीत.

सून त्याच्याबरोबर धावली. जिन्यावरून म्हाताऱ्याला दोघांनी खुर्चीत घालून उतरवलं. रिक्षात तिने त्याचा हात धरून ठेवला होता. कातडी कागदासारखी होती, आणि तिच्या पकडीने जांभळी होत चालली होती. तरी तिने हात सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी शिरेतून औषध सोडलं. अर्धा तास गेला, एक तास गेला. दुपारी कधीतरी म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम फुटला, ओठ हलले. मुलाने बाबा, बाबा करत तोंड जवळ नेलं. सून पायथ्याशी उभी होती. सासू गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग मान वळवून या अनोळखी बाईकडे पाहिलं.

"ही ती पुडी बंद पाडणारी ना?" त्याने क्षीण आवाजात विचारलं. "हिला म्हणावं, जा इथून."

ती गेली. अंधार पडायला अजून दोन-तीन तास होते. त्या बंद दारापाशी कुणीतरी आलं असेल.